सात नंबर, माझ्या टेकडीवर

१२ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या वर्षीची रोजनिशी हिने वाणसामानाच्या याद्यांसाठी पानापानाने संपवली. दगा नेहमी घरातूनच सुरू होतो. म्हणून ही नवी वही कपाटात, माझ्या स्वेटरांच्या खाली. रोज लिहिणार. एक दिवस चुकवणार नाही.

आज मोठी नोंद. पवनचक्क्यांच्या कंपनीची माणसं सकाळी आमच्या टेकडीवर चढली आणि माथ्यावर लाल डोक्याची खुंटी ठोकून गेली. खुंटीवर पांढऱ्या रंगात आकडा: ७. सगळ्या डोंगररांगेवर मिळून अकरा पवनचक्क्या येणार आहेत, त्यातली सात नंबरची माझ्याकडे. शेजारची टेकडी धाकट्या भावाची. वडिलांनी वाटणीत त्याला ती दिली, मला ही. तेव्हा धाकट्याची टेकडी उंच म्हणून मी महिनाभर जेवलो नव्हतो नीट. आता त्याच्या टेकडीवर खुंटी नाही. मी फक्त त्याच्या दारावरून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा शीळ घालत.

कंपनीत जमिनीचं काम बघतो तो आमचा भोवरा. सातवी ब. एका जागी बसत नसे म्हणून मीच ठेवलेलं नाव. कविता मात्र खणखणीत म्हणायचा. आज मला बघून त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. म्हणाला, सर, खांबावर फिरत्या वाट्या लावून वर्षभर वारा मोजलाय, तुमच्या टेकडीसारखा वारा कुठेच नाही. म्हटलं, हे मी तुम्हाला वर्गातच सांगत होतो. तेव्हा वाट्या लागल्या नव्हत्या.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

मधले दिवस राहिले. पेनाने दगा दिला. (दुसरं पेन होतं. पण त्याला माझ्या हाताची सवय नाही.)

आज भोवऱ्याला खोदून खोदून विचारलं, पवनचक्की फिरते तेव्हा आवाज कसा येतो. म्हणाला, अगदी खाली उभं राहिलं की हूंऽ, हूंऽ, हूंऽ असा येतो. मी डोळे मिटले. म्हणजे वृत्तात येतो. शाळेत सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा तेव्हा खिडकीची तावदानं अशीच थरथरायची. मी टेबलावर बोटांनी ताल धरायचो आणि शेवटच्या बाकावरचा सगळ्यात ओवाळून टाकलेला पोरगासुद्धा तोंड उघडायचा. निवृत्त झाल्यापासून तसा आवाज कानावर नाही. आता घरात फक्त मिक्सर, आणि भिंतीपलीकडे धाकट्याचा टीव्ही. लाईट गेली की तेही नाही. आणि लाईट तर रोजच जाते.

तेव्हा ठरलं. सात नंबर उभी राहिली की उरलेलं आयुष्य तिच्या पायथ्याशी. तो आवाज ऐकत. बाकी कोणाकडे काही मागणं नाही.

स्वागतगीत मीच लिहिणार, दुसरं आहे कोण. पहिल्या दोन ओळी उतरल्या:

हे समीरा थांब थोडा, पात्यांपाशी घे विसावा,
टेकडीच्या कुशीमधूनी गोड माझा सूर यावा.

हिला वाचून दाखवल्या. म्हणाली, वारा थांबला तर वीज कशी व्हायची. भिंतीपलीकडे कोणीतरी हसलं. भिंत समाईक आहे. हसणं समाईक नाही, कोणाचं ते ओळखू येतं.

२ मार्च, शनिवार

आज एक विलक्षण गोष्ट सुचली. टेकडीवर आमची अवजारांची खोली आहे. पत्रे गंजलेले, आत एक चाक नसलेली ढकलगाडी आणि बरेच कोळी. लाल खुंटीपासून हाकेच्या अंतरावर. इतकी वर्षं समोर होती आणि दिसली नव्हती. ही माझी कुटी. इथे राहून गीत पूर्ण करायचं. ज्याच्यावर लिहायचं त्याच्या शेजारी राहायला नको?

लगेच नाव सुचलं. पवनकुटी. नाव सुचलं की निम्मं काम झालं.

गवंड्याला वर नेलं. नवे पत्रे, सिमेंटची जमीन, सात नंबरच्या बाजूला मोठी खिडकी. त्याने विचारलं, मास्तर, इथे राहणार कोण. म्हटलं मी. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पत्र्यांकडे, मग आकाशाकडे. म्हणाला, जादा बोल्ट टाकू का. म्हटलं, वाऱ्याशी माझे जुने संबंध आहेत. जादा बोल्ट नकोत.

हिला सांगितलं की मी वर राहायला जाणार. म्हणाली, बरं. इतकंच. माणूस घर सोडून निघालाय आणि बरं.

१८ मार्च, सोमवार

भोवरा मुद्दाम घरी आला. चहा घेतला नाही, उभ्या उभ्याच बोलला. सर, टेकडीवर बांधकाम चाललंय म्हणे. नका करू. राहतं घर झालं की अडचण होते.

सख्ख्या भावाला माझ्या तब्येतीची इतकी चिंता नाही. म्हटलं, अडचणींना मी कधी घाबरलोय? पाणी कॅनने नेईन. म्हणाला, पाण्याचं नाही हो सर. बाहेरच्या देशातल्या बँकेचं कर्ज आहे, त्यांचे नियम फार कडक. म्हटलं, अरे, नियम तुझ्यासारख्यांना. मी उभ्या नोकरीत एकदाही घंटेनंतर वर्गात गेलो नाही.

तो हसला. मग हसायचा थांबला. जाताना रस्त्यात उभा राहून वर कुटीकडे बराच वेळ बघत होता. कौतुकाने.

२९ मार्च, शुक्रवार

पवनकुटीला मीटर बसला. वीज कचेरीतल्या कारकुनाने अर्जावर आधी ‘अवजारांची खोली’ लिहिलं होतं. मला ते लागलं. त्याला म्हटलं, खोड आणि लिही: राहतं घर. तो म्हणाला, साहेब, राहत्याला जास्त कागद लागतात. म्हटलं, लागू देत. सगळे कागद दिले. स्वतः रांगेत उभा राहून दिले. आत्मसन्मानाच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

पाटीही रंगवून झाली. पेंटरने ‘पवनकुटी’च्या खाली स्वतःचा फोन नंबर टाकला. हा दगा मी माफ केला, अक्षर चांगलं आहे त्याचं.

८ एप्रिल, सोमवार

कुटीतल्या पहिल्या मुक्कामांचा वृत्तांत.

पहिली रात्र: पत्रा वाजला, खिडकी वाजली, शेवटी दात वाजले. दुसरी रात्र: तीच, वर कानात ठणका. तिसऱ्या रात्री वाऱ्याने एक पत्रा उचलून थेट धाकट्याच्या टेकडीवर नेऊन टाकला. ज्याच्यासाठी सगळं सोडून आलो त्यानेच असं करावं.

सकाळी धाकटा पत्रा डोक्यावर घेऊन आला. आमच्या अंगणात ठेवला, घाम पुसला. मग म्हणाला, दादा, ती खोली काढून टाक ना. मी येतो मदतीला, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

जळफळाट म्हणतात तो हा. सात नंबर माझ्याकडे आली हे त्याच्या पोटात मावत नाही, म्हणून आता माझी कुटी डोळ्यात खुपते. लहानपणी मी पाठांतराच्या स्पर्धेत उभा राहिलो की हा पहिल्या रांगेत बसून जांभया द्यायचा. माणूस बदलत नाही.

नवीन वेळापत्रक: दुपारी जेवून वर जायचं, वामकुक्षी कुटीत, चारच्या चहाला खाली. वारा जरा पडेपर्यंतच. तोवर कोणी विचारलंच तर ‘वरच राहतो’ म्हणायला हरकत नाही. मनाने मी तिथेच असतो.

१६ एप्रिल, मंगळवार

न्हाव्याला सांगितलं. वीज कचेरीतल्या कारकुनाला सांगितलं. मुख्याध्यापिका बाई बाजारात भेटल्या, त्यांना जरा सविस्तर सांगितलं: पहाटेचा वारा, एकटेपण, साधा आहार. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, सर, तुमच्यासारखे आता राहिले नाहीत. पिशवीत बिस्किटांचे पुडे होते, ते मी मागे धरले.

घरी आलो तर ही दारात. म्हणाली, बाजारात तीन बायकांनी विचारलं, तुमचे हे वनवासात गेले म्हणे. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस. म्हणाली, काय म्हणणार, हो म्हणाले. आणि पुढ्यात चहा ठेवला.

२४ एप्रिल, बुधवार

कंपनीतर्फे आवाज मोजणाऱ्या बाई आल्या. वयाने लहान, पायात बूट, तीन पायांच्या घडवंचीवर एक यंत्र. यंत्राच्या टोकाला स्पंजचा काळा बोळा. पवनचक्की येण्याआधी टेकडीवर किती आवाज आहे ते या यंत्राला ऐकू येतं म्हणे. मी दुपारच्या विश्रांतीला वरच होतो, हे भाग्य.

बोळ्यापुढे उभा राहून त्यांना तोवर झालेलं सगळं गीत म्हणून दाखवलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, आजोबा, आता मला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल. म्हणजे त्यांना पुन्हा ऐकायचं होतं. पण मग मला लांबच्या झाडाखाली बसवलं.

‘आजोबा’ खटकलं. सोडून दिलं.

नंतर विचारलं, इथे कोण राहतं. म्हटलं, मी. कधी कधी? म्हटलं, कधी कधी काय, बारा महिने तेरा काळ. रात्री इथेच झोपता? म्हटलं, वाऱ्याच्या कुशीत. त्यांनी पेन थांबवलं. म्हणाल्या, आजोबा, नीट विचार करून सांगा, तुमच्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे. बघा, इतक्या दिवसांनी कोणीतरी मला सांगितलं की माझ्या शब्दावर काही अवलंबून आहे. मी पाटीकडे बोट दाखवलं, मीटरकडे बोट दाखवलं. म्हटलं, लिहा. नातूही सुट्टीत इथेच असतो. (मागच्या सुट्टीत आला होता. टेकडी बघून गेला.)

मग त्या खाली आमच्या घरी हिलाही भेटून गेल्या. काय बोलणं झालं हिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बायकांच्या गप्पा.

९ मे, गुरुवार

वीस तारखेला शाळेच्या हॉलमध्ये जाहीर सुनावणी. कंपनी नकाशा लावून सगळ्यांना समजावणार, कोणाची हरकत असेल तर सुनावणीचे अध्यक्ष साहेब ऐकणार. आणि सुरुवातीला स्वागतगीत. मुख्याध्यापिका बाईंनी माझं नाव स्वतः सुचवलं.

संकल्प: रोज आवाजाचा रियाज. तिखट बंद. सफेद शर्ट इस्त्रीला. धाकट्याला पहिल्या रांगेत बसू द्यायचं नाही.

शेवटचं कडवं:

माथ्यावरती कुटी चिमुकली, तिथेच माझी रात सरे,
उशास वारा, पायी वारा, आणिक मजला काय उरे.

ही म्हणाली, सभेत हे कडवं नका म्हणू. कारण विचारलं तर म्हणाली, असंच. हिला कवितेतलं कधीच कळलं नाही. पण इतकी वर्षं ऐकते आहे.

२० मे, सोमवार, सकाळ

शर्टाला पिवळसर डाग. इस्त्रीवाल्याचा दगा. वर कोट घालणार. आज माझा दिवस आहे.

२० मे, सोमवार, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. माझे जुने विद्यार्थी, टकलं पडलेली, मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेली. मुख्याध्यापिका बाईंनी ओळख करून दिली: ज्यांनी घरदार सोडून टेकडीवर वाऱ्याशी संसार मांडला ते आपले सर. मी गीत म्हटलं. चारही कडवी. शेवटच्या कडव्याला कोणीतरी डोळे पुसले. धाकटा पहिल्याच रांगेत, पण जांभई नाही. उलट माझ्याकडे असा बघत होता, जणू मी विहिरीच्या कठड्यावर उभा आहे.

मग आवाजवाल्या बाईंनी नकाशा लावला. आमची डोंगररांग, अकरा निळे ठिपके, आणि एकच तांबडं वर्तुळ. मला वाटलं, मानाचं असेल. वर्तुळाच्या मध्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: पवनकुटी. बाई म्हणाल्या, राहत्या घराला आवाजाचा त्रास नको म्हणून एवढ्या वर्तुळात पवनचक्की उभी करता येत नाही, बँकेची अट आहे. म्हणून सात नंबर इथून काढून शेजारच्या टेकडीवर घेतली आहे.

शेजारच्या टेकडीवर.

मी उठून उभा राहिलो. अध्यक्ष साहेबांनी विचारलं, हरकत आहे का. भोवरा कोपऱ्यातून पुढे आला. म्हणाला, साहेब, थोडा गैरसमज आहे. सर तिथे फक्त दुपारचे जातात. हो ना सर? आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तोंडी परीक्षेत अडलेल्या पोराला पहिला शब्द सुचवायचो.

मी काही म्हणायच्या आत धाकटा उठला. भर सभेत. म्हणाला, “दादा रोज रात्री खालीच असतो साहेब. आमची भिंत एक आहे, मला त्याचं खोकणं ऐकू येतं. ती पवनचक्की त्याच्याच टेकडीवर राहू द्या.”

सगळा हॉल माझ्याकडे वळला. गीताची टाळी अजून हवेत होती. मुख्याध्यापिका बाईंनी पुसलेले डोळे, त्यांचा रुमाल अजून हातात. ज्या हॉलमध्ये मी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, तिथे सख्खा भाऊ उठतो आणि मला खोटा ठरवतो.

साहेब म्हणाले, आवाजवाल्या मॅडमनी घरीही चौकशी केली आहे, सरांच्या पत्नीने ते वर राहतात असंच सांगितलं. तरीही तुम्हीच सांगा सर. “तुम्ही तिथे राहता की नाही? एका शब्दात.”

मी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. ही मान खाली घालून बसली होती.

“हो,” म्हणालो. “राहतो.”

टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्याने माझी सातवी ब. निवृत्तीनंतर इतक्या टाळ्या पहिल्यांदाच. लिहिणाऱ्याने लिहून घेतलं. धाकटा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत असणार.

२१ मे, मंगळवार

तिघांनी मिळून केलं. भोवऱ्याने नियमाचं आधी कधी स्पष्ट सांगितलं नाही. (‘अडचण’ म्हणाला होता. अडचण हा काही नियम नव्हे.) धाकट्याने सात नंबर लाटली, आणि वर साळसूदपणे ती मलाच द्या म्हणून दाखवलं, म्हणजे मी हट्टाने उलटच बोलणार हे त्याला ठाऊक. लहानपणापासून ठाऊक आहे. आणि ही. हिने तर त्या बाईला घरात बसवून, पाणी देऊन, माझा गळा कापला.

दुपारपर्यंत अबोला. मग मलाच राहवेना. विचारलं, मी रोज चारला खाली येतो, रात्री तुझ्या शेजारी घोरतो, तुला हे माहीत नव्हतं? मग त्या बाईला तू असं का सांगितलंस?

ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तुम्ही गावभर सांगत सुटला होतात. मी तुम्हाला खोटं कसं पाडू?”

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. कोपऱ्यावर जाऊन आठवलं की वर जायचं तर पाणी घ्यायला हवं. परत आलो. हिने कॅन भरून दारात ठेवला होता. हेही टोचलं.

२७ मे, सोमवार

भोवरा आणि धाकटा, दोघे एकत्र आले. कट उघड झाला.

भोवऱ्याचं म्हणणं: सर, अजून पाया खणलेला नाही. खोलीचे पत्रे उतरवा, मीटर परत करा, आणि मी तिथे राहत नव्हतो असं साहेबांसमोर येऊन सांगा. मी आवाजवाल्या मॅडमना पुन्हा आणतो. सात नंबर तुमच्याकडे येऊ शकते. धाकट्याचं म्हणणं: दादा, मला ती नको. रस्ता माझ्या शेतातून जाईल, शेळ्या बुजतील, आणि तू आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाहीस. पत्रे मी उतरवतो, तू फक्त हो म्हण.

मी विचारलं, सांगायचं म्हणजे कोणासमोर. भोवरा म्हणाला, साहेबांसमोर. आणि मुख्याध्यापिका बाई सुनावणीच्या समितीवर आहेत, त्या असतील.

बाई असतील.

मी म्हटलं, कुटीच्या एका पत्र्यालाही हात लावायचा नाही. तीन मुक्काम मी तिथे केलेले आहेत, ते काय पाण्यात गेले? भोवऱ्याने हेल्मेट दोन्ही हातांत फिरवलं. म्हणाला, सर, शाळेत तुम्ही म्हणायचात, चुकलं तर खोडायचं आणि शेजारी पुन्हा लिहायचं. म्हटलं, ते पाटीवरचं. मी त्याला दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

धाकटा मागे रेंगाळला. मग त्याने आमच्या अंगणातला कचरा उगाच पायाने सारखा केला आणि गेला.

उद्यापासून वरिष्ठांकडे तक्रार. सविस्तर. मुद्देसूद.

१४ ऑक्टोबर, सोमवार

तक्रारीचा मायना अजून मनासारखा जमलेला नाही.

आज पाती आली. एकेक पातं आमच्या गल्लीपेक्षा लांब, एका ट्रकवर एकच. चौकात वळण बसेना म्हणून चहावाल्याने स्वतःच टपरीचं छप्पर उतरवलं आणि पातं गेल्यावर पुन्हा चढवलं. त्याला कोणाला तीनदा सांगावं लागलं नाही. शाळा सोडून दिली होती, मुलं दुतर्फा उभी. पातं जवळून गेलं तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, असा की मला क्षणभर वर्गात आल्यासारखं वाटलं. बोटं आपोआप ताल धरू लागली. मग ट्रक धाकट्याच्या टेकडीच्या रस्त्याला वळला.

ही शेजारीच उभी होती. म्हणाली, घरी चला, ऊन आहे.

म्हटलं, मी घरी नाही, कुटीवर जाणार. आणि गेलो. लोक बघत होते.

११ जानेवारी, शनिवार

वहीत बरीच पानं कोरी राहिली. तेवढ्या काळात घडलं इतकंच: मी आता खरोखर वर राहतो. भरसभेत हो म्हटलेलं आहे. शिवाय आवाजवाल्या बाई अधूनमधून येणार, ‘सर्वांत जवळचं राहतं घर’ म्हणून माझी विचारपूस करणार, तेव्हा मी नसलो तर काय. गवंड्याने जादा बोल्ट टाकून दिले. कानाला मफलर बांधतो. मीटर जोरात फिरतो, शेगडीमुळे.

आज सात नंबर सुरू झाली. माझ्या मोठ्या खिडकीतून दिसत नाही, ती खिडकी जुन्या खुंटीच्या बाजूला आहे. दारातून दिसते. सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलो. मफलर काढला. एक कान पुढे, मग दुसरा. पाती फिरत होती, मोठी, सावकाश. पत्रा कुरकुरत होता, तो जाड दगड ठेवून गप्प केला. श्वास धरून बघितला.

दुपारी बाई यंत्र घेऊन आल्या. स्पंजचा बोळा दारात माझ्या शेजारीच उभा केला. आम्ही दोघे आणि ते यंत्र, तिघेही गप्प. मग बाई हसल्या. म्हणाल्या, “अभिनंदन आजोबा. तुमच्यापर्यंत काही म्हणजे काहीच पोहोचत नाही. तेवढं मोजूनमापूनच लांब ठेवलंय.”

मी विचारलं, वारा या बाजूचा असला तर? म्हणाल्या, तरीही नाही. कधीच नाही, अगदी निश्चिंत राहा.

संध्याकाळी ही वर चढून आली. थर्मास, डबा, आणि खालची माझी जाड गोधडी. धापा टाकत खुर्चीशेजारी पायरीवर बसली. जरा वेळाने समोर बघत म्हणाली, “येतो का हो आवाज?”

“येतो की,” म्हणालो. “स्पष्ट.”

हिने पदर कानामागे सारला आणि कान दिला. बराच वेळ.

“हो,” म्हणाली. “येतो.”